चार मिनिटं पुढे

रंजिता नेमकं काय काम करते हे तिच्या सासूला, जनीबाईंना, कधी नीट सांगता आलं नाही. शेजारणींनी विचारलं की त्या म्हणत, "कंपनीत घड्यालं लावते ती." रंजिताला याचं हसू यायचं, पण म्हातारी फारशी चुकत नव्हती.

कळंबोली मागे टाकून न्हावा शेव्याच्या रस्त्याला लागलं की उजव्या हाताला जी कंटेनरची यार्डं लागतात, त्यातल्या एकात ती नेटवर्क सांभाळायची. ट्रेलर गेटमधून आत आला की कॅमेरा त्याचा फोटो काढायचा, पुढे वजनकाटा त्याचं वजन नोंदवायचा, मग स्टॅकर नावाचं अवाढव्य मशीन कंटेनर उचलून रांगेत रचून ठेवायचं. या प्रत्येकाच्या पोटात एक कॉम्प्युटर होता, प्रत्येक कॉम्प्युटरचं आपलं घड्याळ होतं, आणि ही घड्याळं एकमेकांच्या तोंडाकडे बघत नव्हती. कुणी मागे रेंगाळायचं, कुणी पुढे पळायचं. परिणामी कागदोपत्री एखादा ट्रेलर आधी वजन करून घ्यायचा आणि मग गेटमधून आत यायचा.

यावर उपाय सोपा होता. उपग्रहाकडून वेळ घेणारं एक यंत्र बसवायचं आणि बाकी सगळ्यांनी दर थोड्या वेळाने त्याला विचारून आपलं घड्याळ जुळवून घ्यायचं. हे यंत्र घ्या म्हणून रंजिता वर्षभर मॅनेजर सत्यजीत सरांच्या मागे लागली होती. सर वाईट नव्हते, पण पार्टीला कंटेनर वेळेवर मिळाला की झालं, मिनिटं कोण बघतंय, असं त्यांचं म्हणणं. फाईल जायची, परत यायची, पुढच्या वर्षावर पडायची.

या घड्याळांत सगळ्यात नाठाळ होता तो वॉकी-टॉकीचा रेकॉर्डर. कंट्रोल रूम आणि स्टॅकरचे ड्रायव्हर यांचं बोलणं त्यात साठायचं. डबा जुना, आतली बॅटरी गेलेली. महिन्याला मिनिटभर पुढे जायचा. रंजिता हाताने वेळ लावायची, तो पुन्हा पळायचा. शेवटी नवा डबाही लिहून मागितला आणि कंटाळून तो नाद सोडला होता.

हे सगळं मन लावून ऐकणारा जगात एकच माणूस होता, तिचा नवरा दीपेश. तो त्याच यार्डात कंट्रोल रूमला होता. तिथेच त्यांची ओळख झाली होती. दोघंही आगरी, दोघांच्याही घरची जमीन प्रकल्पात केव्हाच गेलेली, त्यामुळे लग्नाला कुणी हरकत घेतली नाही. नवीन पनवेलच्या फ्लॅटवर रात्री जेवायला बसले की तो विचारायचा, आज कोण पळालं पुढे? मग ती सांगत सुटायची. बाकीच्या बायकांचे नवरे टीव्हीकडे बघत जेवतात आणि आपला नवरा वजनकाट्याच्या घड्याळाची चौकशी करतो, या गोष्टीचा तिला मनातल्या मनात अभिमान होता.

अपघात झाला तो दुपारी, जेवणाच्या सुट्टीच्या थोडा आधी.

यार्डात नियम होता की स्टॅकर रांगेत घालण्याआधी ड्रायव्हरने कंट्रोलला विचारायचं. कंट्रोलने रांगेत कुणी माणूस नाही याची खात्री करायची आणि मग "मोकळी आहे, घाल" असं सांगायचं. त्या दुपारी स्टॅकरवर जीवन होता. उरणकडच्या कोळीवाड्यातला, बाप काशिराम होडीवर गेला तो परत आला नाही तेव्हापासून घर त्याच्यावर. मोठमोठी मशिनं तो इतक्या हलक्या हाताने चालवायचा की नवीन पोरांना त्याच्या बाजूला बसवून शिकवायचे. आणि रांगेत होता बाळू. कंटेनरची सीलं तपासणारा, चाळिशीचा, मराठवाड्यातून आलेला माणूस. स्टॅकर मागे घेताना जीवनला तो दिसलाच नाही. दोन्ही बाजूंना कंटेनरच्या भिंती, मधल्या गल्लीत पळायलाही जागा नव्हती. दवाखान्यात नेईपर्यंत बाळू संपला होता.

यार्डाचं काम लगेच थांबलं. पोलीस आले, पंचनामा झाला. जीवन मशीनच्या शिडीपाशी बसून येईल त्याला एकच सांगत होता, की मी विचारलं होतं, कंट्रोल घाल म्हणालं म्हणून घातली. कंट्रोलला दीपेश होता. तो म्हणाला, मला नीट आठवत नाही, गेटवर ट्रेलर तुंबले होते, एकाच वेळी चार जण बोलत होते. रेकॉर्डिंग बघा.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. जनीबाईंनी मीठ-मोहरी ओवाळून टाकली. त्याने जेवणाला हात लावला नाही. रंजिता त्याच्याजवळ जाऊन बसली, पाठीवरून हात फिरवत राहिली. मग त्याने विचारलं,

"तो रेकॉर्डरचा डबा अजून पुढेच आहे का गं?"

"हो. चार मिनिटं तरी असेल."

रंजिताला वाटलं, बिचारा कशाचाही विचार करतोय, डोकं ठिकाणावर नाही.

दुसऱ्या दिवशी ती यार्डात पोचली तर सत्यजीत सर तिची वाटच बघत होते. एरवी तिची फाईल बघितली की कपाळाला आठ्या घालणारा माणूस, आज स्वतः उठून उभा राहिला. म्हणाले, पोलीस पुन्हा येणार आहेत, सगळ्या सिस्टिम बघणार आहेत. आपली घड्याळं अशी वाकडीतिकडी दिसली तर कंपनीची अब्रू जाईल. यंत्राला मंजुरी दिलीय, उद्या येईल, पण तोवर इंटरनेटवरून वेळ घेऊन आत्ताच्या आत्ता सगळं जुळवून टाक.

वर्षभर जे मागत होती ते असं न मागता समोर आलं. रंजिताने मागचापुढचा विचार केला नाही. एका माणसाचा जीव गेल्यावर का होईना, यांना अक्कल आली, एवढंच तिच्या मनात आलं. ती कामाला बसली. गेटचे कॅमेरे, वजनकाटा, सर्व्हर, एकेक करून सगळ्यांना एका वेळेवर आणलं. रेकॉर्डरच्या डब्याला हात घातला तेव्हा त्याच्या पडद्यावरची वेळ तिने ओझरती पाहिली. फोनवरच्या वेळेपेक्षा चार-साडेचार मिनिटं पुढे. तिने बटण दाबलं. आकडे मागे आले आणि बाकीच्यांच्या पंक्तीत जाऊन बसले. आधी काय वेळ होती हे लक्षात ठेवणारा तो डबा नव्हता.

दुपारी पोलीस आले. अधिकाऱ्याने प्रत्येक यंत्रावरची वेळ आपल्या मोबाईलशी ताडून पाहिली. कुठेही फरक नव्हता. तो खूश झाला. म्हणाला, अशी व्यवस्था फार कमी ठिकाणी बघायला मिळते. सत्यजीत सरांनी रंजिताकडे बोट दाखवलं.

मग नोंदी काढल्या गेल्या. एकट्या स्टॅकरचं घड्याळ उपग्रहावरून चालायचं, ते पहिल्यापासून बरोबर होतं. त्यात मशीन केव्हा हललं आणि केव्हा थांबलं ते होतं. रेकॉर्डरमध्ये जीवनचा आवाज होता, "रांग मोकळी हाय का?" आणि दीपेशचा, "मोकळी आहे, घाल." दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या तर चित्र स्पष्ट दिसत होतं. मशीन आधी हललं, थांबलं, आणि परवानगीचं बोलणं त्यानंतर झालं. म्हणजे जीवनने न विचारता गाडी घातली, माणूस चिरडला, आणि मग अंगावर येऊ नये म्हणून काही झालंच नाही अशा आवाजात परवानगी मागून घेतली.

ही बातमी अर्ध्या तासात यार्डभर पसरली. अपघात कुणाच्याही हातून होतो, पण मेलेल्या माणसाशेजारी बसून असं नाटक करायचं? कालपर्यंत जीवनला दादा म्हणणारी पोरं त्याच्या नावावर थुंकली. संध्याकाळी पोलीस त्याला घेऊन गेले.

रंजिताला हे कळलं तेव्हा ती कॅन्टीनमध्ये चहा घेत होती. सांगणारा पुढे बोलतच राहिला आणि तिच्या हातातला कप तसाच राहिला. हिशेब करायला तिला वेळ लागला नाही. रेकॉर्डर पुढे होता. म्हणजे परवानगीचं ते बोलणं कागदावर दिसतं त्याच्या चार मिनिटं आधी झालं होतं. म्हणजे मशीन हलण्याच्या आधी. जीवन खरं बोलत होता. त्याने विचारलं होतं, आणि कंट्रोलने रांगेकडे न बघता घाल म्हणून सांगितलं होतं. कंट्रोलला कोण होतं, हा विचार त्याच्या पाठोपाठ आला आणि तिने कप खाली ठेवला.

पण चूक म्हणजे चूक. गर्दीत माणसाकडून होते. दीपेशला सांगू, तो पोलिसांकडे जाऊन बोलेल, अशी तिची खात्री होती. शिवाय पुरावा होता. रेकॉर्डरमध्ये मागच्या महिन्याभराचं बोलणं असणार. ते सगळं स्टॅकरच्या नोंदींशेजारी ठेवलं तर प्रत्येक ड्रायव्हरची प्रत्येक परवानगी मशीन हलल्यानंतर आलेली दिसेल. सगळेच्या सगळे रोज न विचारता गाडी घालतात असं तर कुणी म्हणणार नाही. पोलिसांनी फक्त त्या दुपारच्या बोलण्याचा तुकडा नेला होता. बाकीचं डब्यात होतं.

ती तशीच कंट्रोल रूमला गेली. रेकॉर्डरच्या जागी नवा डबा होता. कोरा, वर अजून प्लास्टिक होतं. तिनेच वर्षापूर्वी निवडून, नाव लिहून मागितलेला.

सत्यजीत सर म्हणाले, अगं, जुना बदलीत दिला, रेकॉर्डरच्या कंपनीचा माणूस येऊन घेऊन गेला. तूच तर म्हणत होतीस भंगार आहे म्हणून. तिने विचारलं, आतलं महिन्याचं बोलणं? ते म्हणाले, पोलिसांना पाहिजे होतं ते त्यांनी घेतलं, बाकीचं पुसून दिलं, ठेवून काय करायचंय? मग तिचा चेहरा बघून, जणू तिला बरं वाटावं म्हणून, म्हणाले,

"तुझ्या नवऱ्याचे आभार मान. काल रात्री फोन करून तोच मागे लागला. म्हणाला, सर, उद्या सकाळी पहिल्यांदा घड्याळं आणि तो रेकॉर्डर, बाकी सगळं नंतर. तुझं काम तुझ्यापेक्षा त्यालाच जास्त कळतं."

सत्यजीत सरांना यातलं किती ठाऊक होतं, हे रंजिताला पुढेही कधी कळलं नाही. त्या वेळी तिने विचारलंही नाही. ती बाहेर आली आणि रिकाम्या वजनकाट्याच्या कठड्यावर जाऊन बसली. आदल्या संध्याकाळी ती पाठीवरून हात फिरवत असताना त्याने विचारलेला प्रश्न तिच्या कानात होता. वर्षभर जेवताना तो जे ऐकत होता, ते किती नीट ऐकत होता, ते तिला आता कळलं.

घरी तिने आवाज चढवला नाही. जनीबाई आतल्या खोलीत होत्या. दीपेशने नाकारलंही नाही. तो म्हणाला, बाळू रांगेत जातोय हे मला त्याने स्वतः येऊन सांगितलं होतं. गेटवर आरडाओरडा चालला होता, माझ्या डोक्यातून गेलं. एका क्षणाची गोष्ट. त्यासाठी मी आत जाऊ? आपला फ्लॅट, आई, तू, सगळं सोडून?

"आणि जीवन?"

"मशीन त्याच्याच हातात होतं ना. त्यानेही मागे बघायला पाहिजे होतं."

"मागे बघायचं काम तुझं होतं. म्हणून तर तो तुला विचारत होता."

तो अगदी शांतपणे म्हणाला, "तू सांगून काय होणार, रंजिता? तुझ्याकडे काय आहे?"

त्याच्या बोलण्यात धमकी नव्हती. तिच्याकडे खरोखरच काही नव्हतं, आणि हे त्याला तिच्याइतकंच माहीत होतं. भिंतीपलीकडून सगळं ऐकलेल्या जनीबाई बाहेर आल्या. त्या दीपेशला काही बोलल्या नाहीत. सुनेला म्हणाल्या, "तुजा नवरा हाय तो. गेलेला मानूस काय परत येनार नाय."

दुसऱ्या दिवशी रंजिता पोलीस स्टेशनला गेली. अधिकाऱ्याने तिला ओळखलं, खुर्ची दिली. तिने सगळं सांगितलं. तो ऐकत होता, पण त्याचं पेन हलत नव्हतं. मग त्याने विचारायला सुरुवात केली. घड्याळ नक्की किती पुढे होतं? चार-साडेचार मिनिटं. लिहून ठेवलं होतं? नाही. दुसऱ्या कुणी पाहिलं? नाही. घड्याळ बदललं कुणी? मी. मी पाहिलं तेव्हा तर बरोबर होतं, अधिकारी म्हणाला. हो, कारण मी त्याआधी लावलं होतं. कंट्रोलला बसलेला माणूस तुमचा कोण?

तिने सांगितल्यावर त्याने पेन खाली ठेवलं. हळू आवाजात म्हणाला, ताई, घरात काही कुरबुर चालू आहे का?

घड्याळं जुळलेली नाहीत म्हणून तिने वर्षभर केलेले अर्ज तिने दाखवले. त्यात घड्याळं चुकीची आहेत एवढंच होतं. कुठलं, कुठल्या बाजूला, किती, यातलं काही नव्हतं. तेवढं बारीक कोण वाचणार म्हणून तिनेच ते लिहिलं नव्हतं. अधिकाऱ्याने तिचा जबाब घेतला, तिने सही केली. त्याने दीपेशलाही बोलावून विचारलं. दीपेश म्हणाला, तिच्या मनावर परिणाम झालाय, बाळूला आम्ही दोघंही ओळखत होतो.

ती त्याच आठवड्यात माहेरी, गव्हाणला, निघून गेली. आईवडिलांनी ठेवून घेतलं, पण भाऊ विचारायचा, की तुला मारलं का त्याने, पितो का, बाहेर काही आहे का. काहीच नाही म्हटल्यावर त्याला कळेनासं व्हायचं. यार्डातली नोकरी तिने सोडली. कुणी काढलं नाही. उलट सरांनी थांबायचा आग्रह केला. पुढे खारघरच्या एका कॉलेजात लॅब सांभाळायचं काम मिळालं, त्यावर ती राहिली. दीपेश काही महिन्यांत कंट्रोलचा इनचार्ज झाला. त्याचे फोन यायचे. आधी समजावणीचे, मग रागाचे, मग वकिलाकडून.

जीवन जामिनावर सुटला. लायसन जमा झालेलं, आणि ते झालं नसतं तरी त्या भागातल्या एकाही यार्डात त्याला कुणी उभं केलं नसतं. रंजिताने त्याच्या वकिलाला गाठलं, साक्ष द्यायची तयारी दाखवली. समोरचे काय विचारतील आणि आपण काय सांगायचं, हे ती रोज बसमध्ये मनात घोळवायची. आपल्यावर हसतील, नवऱ्याशी भांडून आलेली बाई म्हणतील, हे तिने धरूनच चाललं होतं. निदान एकदा भर कोर्टात कुणीतरी खरं बोललेलं असेल, एवढाच तिचा आधार होता.

तारखेच्या थोडे दिवस आधी वकिलाचा फोन आला, की तुम्हाला यायची गरज नाही. जीवनने गुन्हा कबूल करायचं ठरवलंय.

रविवारी ती उरणला गेली. कोळीवाड्यात घर विचारत पोचली तर दारात जीवनची आई, सोनाबाई, सुकत घातलेला जवळा गोळा करत होती. रंजिताने नाव सांगितलं तसे तिचे हात थांबले. तिने आत बोलावलं, पाणी दिलं आणि समोर बसून तिच्याकडे बघत राहिली.

"तू खरा बोललीस म्हनतान. पन घड्याल फिरवलास ती पन तूच ना?"

"हो," रंजिता म्हणाली.

सोनाबाईने मान हलवली आणि पुन्हा बाहेर जाऊन बसली.

जीवन आतून आला. तो वाळला होता. दुसऱ्याच्या होडीवर जायला लागल्याने काळा पडला होता. रंजिता म्हणाली, कबूल का करताय? मी येते ना सांगायला. त्याने समजावलं, की केस वर्षानुवर्षं चालेल. तोवर हातात काही नाही. कबूल केलं तर दंड आणि थोडे महिने आत, मग मोकळा. आणि बाळूची बायको वेणू गावाहून येऊन कंपनीच्या दारात बसलीय. केस मिटल्याशिवाय तिला भरपाई देत नाहीत. तिचं तरी होऊ दे.

"पण तुम्ही विचारलं होतं," रंजिता म्हणाली. "तुम्ही आधी विचारलं होतं, मग गाडी घातली. मला माहीत आहे."

जीवन भिंतीला टेकून बसला.

"आदी मना पन तसाच वाटायचा. पन पोलिसांनी सतरांदा त्यो कागद दाकवला. वकिलान दाकवला. गाडी हल्ली ती येल, मी बोल्लो ती येल. आता डोले मिटले का मना तसाच दिसताय. आदी गाडी घातली, मंग विचारला." त्याने तोंडावरून हात फिरवला. "कदाचित तसाच झाला असल."

"नाही झालं तसं."

"तू व्हतीस काय तिथं?"

चार मिनिटांचा हिशेब तिने पुन्हा एकदा सांगायला घेतला, जमिनीवर बोटाने रेघा ओढून दाखवला, डबा पुढे होता म्हणजे काय ते समजावलं. तो ऐकत होता, जसं मोठ्या माणसाने लहान मुलाचं ऐकावं तसं. तिचं झाल्यावर म्हणाला, तू चांगली हायस, पन ऱ्हाऊ दे आता.

ती उठली. दारात सोनाबाई पाठमोरी बसून जवळ्यातला कचरा वेचत होती. रंजिताने चप्पल घातली, थोडी थांबली आणि म्हणाली, "येते."

ये म्हणून कुणी म्हणालं नाही. ती वाट बघत आणखी जराशी उभी राहिली, आणि मग बसस्टँडच्या रस्त्याला लागली.